गाडी विकायची नाही

४ जानेवारी

प्रिय धाकटे,

परवाच्या फोनवर मी धड बोलले नाही म्हणून रागावू नकोस. उजव्या कानाने संप पुकारल्यापासून मला समोरच्याचं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी अंदाजाने भरून काढते. त्यापेक्षा पत्र बरं. कागद पुन्हा पुन्हा ओरडायला लावत नाही.

हे जाऊन सहा महिने झाले. गाडी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी आहे. भांडी घासायला उभी राहिले की समोर तीच. बारा वर्षांची झाली तरी अंगाने तशीच दांडगी, अर्धं अंगण अडवून बसली आहे. लेक तिकडून सारखा सांगतो, 'आई, विकून टाक.' गेल्या आठवड्यात एक दलाल आला होता. त्याने टायरला लाथ मारून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

मग तुझी आठवण झाली. तुझ्या सेंटरच्या पेशंटना डोंगरातून आणायला गाडी लागतेच, तर ही घे. सात माणसं पाय पसरून बसतात. दान वगैरे म्हणू नकोस, घरातली वस्तू घरातच जाते आहे. अट एकच, गाडी विकायची नाही. ह्यांचा जीव होता तिच्यात. आणि तुझाही आहे, ते मला ठाऊक आहे. हे गेले त्या दिवशी तू पोचलीस तेव्हा घरात शिरण्याआधी बॉनेटवर हात ठेवून किती वेळ रडत उभी होतीस, ते मी खिडकीतून पाहिलं होतं.

लवकर कळव.

तुझी वहिनी

१५ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचून काय लिहावं ते सुचेना, म्हणून चार दिवस तसेच गेले. एवढी मोठी वस्तू तुम्ही आम्हाला देताय. ट्रस्टच्या बैठकीत मी पत्र वाचून दाखवलं तर आमचे खजिनदार, जे कधीच कशाला 'छान' म्हणत नाहीत, ते दोनदा 'छान' म्हणाले.

तुम्ही सेंटर पाहिलेलं नाही म्हणून सांगते. जुन्या पोस्टाच्या इमारतीत दोन खोल्या, सहा डायलिसिस मशीन, एक टेक्निशियन, आणि मी. कागदावर मी सेक्रेटरी, बाकी झाडूपासून सहीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. अकरा पेशंट आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर घ्यावं लागतं. ज्याची पाळी चुकली त्याच्या अंगात पाणी आणि विष साठत जातं. सगळे वरच्या वस्त्यांवरचे, त्यामुळे इथे मशीनइतकीच गाडी महत्त्वाची. सध्या एक जुनी व्हॅन आहे, तिला सगळे 'डबडं' म्हणतात. आमचे ड्रायव्हरमामा तिला शिव्या देत देत रोज चालवतात आणि ती रोज चालते.

तुमची गाडी पेट्रोल जरा जास्त पीत असेल ना? सहज विचारलं हं. विकायचा तर प्रश्नच नाही. दादाची गाडी मी विकेन का?

तुमची,
धाकटी

३० जानेवारी

प्रिय धाकटे,

गाडी उद्या निघते आहे. शेजाऱ्यांचा ड्रायव्हर आणून पोचवेल, त्याला जेवू घाल. पेट्रोलचं म्हणशील तर हो, पिते. ह्यांनी कधी त्याचा हिशेब सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

मामांना सांग, सुरू केल्यावर दोन मिनिटं थांबायचं, मग निघायचं. दारं आपटायची नाहीत. मागचं दार बटणाने आपोआप बंद होतं, त्याला हाताने ढकललं की ते रुसतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण बारा वर्षं मी तेच ऐकलं.

काल गाडी धुऊन घेतली. मागच्या सीटवर ह्यांचा मफलर होता, तो मी ठेवून घेतला.

वहिनी

२२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

गाडी आली आणि इथे जत्रा भरली. टेक्निशियनने मशीनवरच्या चार जणांना 'हलायचं नाही' म्हणून दम दिला आणि स्वतः खिडकीत जाऊन उभा राहिला. मामांनी पहिल्या दिवशी शर्टाला इस्त्री केली होती. वीस वर्षांत मी त्यांना इस्त्रीत पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत खूष आहेत ते आमचे टेलरकाका. रस्ता संपतो तिथल्या शेवटच्या घरात ते आणि काकू राहतात. सगळ्यांत लांबचे म्हणून सगळ्यांत आधी गाडीत बसतात आणि पुढची सीट पटकावतात. त्यांनी तुमच्यासाठी चिठ्ठी दिली आहे, सोबत जोडते.

आणखी एक. डबडं आम्ही खालच्या शाळेला देऊन टाकलं. ड्रायव्हर एकच, आणि दोन-दोन गाड्यांचा विमा भरणं झेपत नाही. खजिनदारांनी विचारलं, 'एवढी घाई कशाला?' पण मी म्हटलं, वहिनींनी एवढी गाडी दिल्यावर ते डबडं दारात दिसलं तर काय वाटेल त्यांना?

तुमची,
धाकटी

(सोबतची चिठ्ठी)

वहिनीबाईंना नमस्कार. तुम्ही ताईंच्या वहिनी, म्हणजे आमच्याही.

मी शिलाईकाम करणारा माणूस. आठवड्यातून तीनदा रक्त धुवून आणतो. पूर्वी डबड्यातून जाताना आधी कंबर मोडायची, मग सेंटर यायचं. आता पुढच्या सीटवर साहेबासारखा बसतो. ती सीट खालून गरम होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, वय झालं, माझ्याच हातून काहीतरी घडलं. घाट उतरेपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. मामांना कळल्यावर त्यांना गाडी बाजूला घेऊन हसावं लागलं.

चामड्याच्या सीटला उन्हाचे चटके बसतात म्हणून कव्हरं शिवायला घेतली आहेत. माप घेतलं. गाडीची छाती बेचाळीस आणि कंबरही बेचाळीस. अशी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांना जरा सैलच शिवावं लागतं.

तुमचे यजमान मोठ्या मनाचे असणार. गाडीवरून माणूस कळतो.

८ मार्च

प्रिय धाकटे,

टेलरकाकांची चिठ्ठी मी तीनदा वाचली. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवली, तिसऱ्यांदा रडू आलं. ती सीट गरम होते हे मलाही पहिल्यांदा कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच त्यांना सांग.

ह्यांची गाडी कुणाच्या कामी येते आहे, यापरता आनंद नाही. खिडकीतून आता उजेड जास्त येतो. तिथे कुंड्या ठेवीन म्हणते.

गाडी त्रास देत नाही ना? दिला तर मोकळेपणी सांग. अर्थात देणार नाहीच. ह्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती.

वहिनी

२० एप्रिल

वहिनी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मार्चअखेरची कामं होती, मग मशीनचं पाणी शुद्ध करायची टाकी बिघडली, मग माझीच पाठ धरली.

गाडी उत्तम आहे. म्हणजे, मागची उजवी बाजू अधूनमधून खाली बसते. तिच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत म्हणे. वळणावरच्या मेस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि हात जोडले. 'ताई, ही गाडी नाही, हा कॉम्प्युटर आहे. माझ्याकडे पाना आहे,' म्हणाला. मग शहरातल्या गॅरेजात नेऊन आणली. सध्या ठीक आहे. काळजीचं काही नाही.

एक गंमत सांगते. वरच्या हॉटेलच्या मालकाला गाडी फार आवडली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला त्याला अशीच रुबाबदार गाडी हवी आहे. मला म्हणाला, 'ही मला द्या, मी तुम्हाला दोन नव्याकोऱ्या छोट्या व्हॅन देतो.' दोन, बरं का! मी हसून म्हटलं, अहो, माझ्या दादाची गाडी आहे ती. तो म्हणाला, विचार करा, महिनाभर थांबतो. लोक काय काय बोलतात नाही?

तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
धाकटी

२ मे

प्रिय धाकटे,

शाबास! त्या हॉटेलवाल्याला तू बरं तोंडावर सांगितलंस. मला वाटतं ते काय विचारतेस? तू नाही म्हणणार हे मला माहीतच होतं. भावाची गाडी म्हणून तिला जिवापाड जपते आहेस, हे वाचून मला भरून आलं. लेकालाही फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, 'आत्या पहिल्यापासून तशीच.'

मागची बाजू बसते तर बसू दे. ह्यांच्याकडेही बसायची कधीकधी. सुरू केली की उठते.

टेलरकाकांची कव्हरं झाली का? फोटो पाठव.

वहिनी

२७ जून

वहिनी,

टेलरकाका गेले. सोळा दिवस झाले. तुम्हाला लिहायला रोज बसत होते आणि उठत होते.

आता सगळं लिहिते. मे महिन्याच्या मध्यावर गाडी पूर्ण बसली. मागची बाजू जमिनीला टेकली आणि उठेना. शहरातल्या गॅरेजात ओढत न्यावी लागली. पार्ट परदेशातून यायचा होता, पाच ते सहा आठवडे म्हणाले. डबडं आम्ही देऊन बसलो होतो. शाळेने पोरं आणायला त्याच्यावर फेऱ्या लावल्या होत्या, मागायला गेले तर सकाळची वेळ त्यांनाही सोडता येईना. मग कुणाला दुधाच्या टेम्पोतून आणलं, कुणाला कुणाच्या मोटरसायकलवर. दहा जणांची सोय कशीबशी लागत होती. टेलरकाकांच्या घरापासून बसचा थांबा चार किलोमीटर खाली. तीन आठवडे ते सुजत चाललेल्या पायांनी तेवढं चालून बसने येत होते.

एका गुरुवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, 'ताई, मेहुणा आलाय, तो मला शहरात मोठ्या दवाखान्यात नेतोय, तिथेच करून घेतो. तुम्ही माझी काळजी करू नका.' शनिवारी पुन्हा तेच म्हणाले. मी एक शब्द उलट विचारला नाही. वहिनी, मला ते खरं मानायचं होतं. एक माणूस तरी डोक्यावरून उतरला म्हणून मी निवांत चहा प्यायले.

सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. मेहुणा आलाच नव्हता. ते कुठेही गेले नव्हते. दोन्ही दिवस ते घरातच पडून होते. सकाळी उठून मशीनपाशी जाऊन बसले, शिलाईच्या, आणि तिथेच मान टाकली. ते खोटं का बोलले, मला कळत नाही.

आता दुसरं. मी त्या दिवशी बॉनेटवर हात ठेवून रडत होते ते प्रेमाने नाही. दादाला बरं नाही असा फोन आला तशी मी बसने, रिक्षाने, मिळेल त्याने धावत आले आणि दारात कळलं, दादा तासापूर्वीच गेला. टेकायला म्हणून हात ठेवला तर बॉनेट गरम होतं. माझा भाऊ गार पडला होता आणि त्याची गाडी अजून गरम होती. मला त्या गाडीचा इतका राग आला की लाथ मारावीशी वाटली. दलालाने मारली ती मी मारायला हवी होती. तुमचं पत्र आलं तेव्हा मला ती नको होती. पण तुमचा जीव तिच्यात आहे, तुम्हाला नाही कसं म्हणायचं? एप्रिलमध्ये मी तुम्हाला हॉटेलवाल्याची गंमत लिहिली ती गंमत नव्हती. तुम्ही एकदा 'देऊन टाक' म्हणाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही शाबास म्हणालात.

हॉटेलवाल्याने महिना संपल्यावर दुसरी गाडी घेतली.

धाकटी

६ जुलै

धाकटे,

तुझं पत्र आल्यापासून मी भांडी घासायला उभी राहते आणि नळ सुरू करायचा विसरते.

मीही सांगते. त्या दिवशी गाडी मीच चालवली. ह्यांच्या छातीत कळ आली, अँब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले, म्हणून ह्यांना मागच्या सीटवर आडवं घातलं आणि निघाले. ती गाडी मी उभ्या आयुष्यात चार वेळा चालवली असेन. हे मागून सांगत होते, 'हळू, गिअर बघ, आरशात बघ.' मग सांगायचे थांबले. मी एका सिग्नलला थांबले होते, रस्ता रिकामा होता तरी. लाल दिवा होता म्हणून थांबले. दवाखान्यात डॉक्टर दोन-तीन तास झटले. परत येताना ह्यांना अँब्युलन्सने आणलं आणि गाडी मीच चालवत आणली, मागची सीट रिकामी. तू हात ठेवलास ते इंजिन मी गरम केलेलं होतं.

मला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. एक दिवससुद्धा नको होती. पण विकली असती तर लोक म्हणाले असते, सहा महिन्यांत नवऱ्याची गाडी फुंकून मोकळी झाली. तुला द्यायची ठरवली तेव्हा वाटलं, तुझा जीव आहे तिच्यात, तू सुखावशील. आणि जुनी, नको झालेली वस्तू तुझ्या गळ्यात मारतेय असं तुला वाटू नये म्हणून अट घातली. अट घातली की वस्तूला मान येतो. बाकी काही नव्हतं त्या अटीत. तू दुसऱ्या दिवशी विकली असतीस तर मी सुटकेचा श्वास टाकला असता.

'तुम्हाला काय वाटतं' हे तू विचारलंस तेव्हा माझ्या मनात आलं होतं, दोन व्हॅन, घेऊन टाक की. आणि मी लिहिलं शाबास. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

आपण दोघी एकमेकींचं मन राखत बसलो आणि एक माणूस गेला.

गाडी विक, मोडीत काढ, दरीत लोटून दे. मी महिनाअखेरीस येते. मला काकूंना भेटायचं आहे. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगायचं आहे आणि माफी मागायची आहे. स्टेशनवर मामांना पाठव.

वहिनी

१९ जुलै

वहिनी,

गाडी मोडीत गेली. पार्ट आला होता, तो मी बसवू दिला नाही. शाळेने डबडं आठवड्यातले तीन दिवस परत द्यायचं कबूल केलं आहे. त्यांनी पोरांची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली. एवढंच करायचं होतं, आणि ते मे महिन्यात विचारायला मला लाज वाटली होती. दिलेली वस्तू परत कशी मागायची, म्हणून मी एकदाच गेले आणि 'अडचण असेल तर राहू द्या' असंही मीच म्हणाले.

काकूंना भेटले. काका खोटं का बोलले ते विचारलं. त्या म्हणाल्या, 'ताईंच्या गेलेल्या भावाची गाडी आहे. ती नडली म्हणून आपल्याला खोळंबावं लागलं असं झालं, तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहायची नाही. दोन पाळ्यांनी काय होतंय, असं म्हणाले.' मी ऐकून घेतलं आणि घरी आले.

तुम्ही येते म्हणालात. येऊ नका.

हे मी खूप वेळा लिहिलं आणि खोडलं. आधी लिहिलं की पाऊस फार आहे, रस्ता खराब आहे. तेही खरं आहे, पण कारण ते नाही. तुम्ही आलात तर काकू तुम्हाला घरात घेतील, चांगल्या खुर्चीवर बसवतील, चहा करतील. तुम्ही माफी मागितलीत की त्या म्हणतील, 'तुमचं काय चुकलं? तुम्ही तर गाडी दिलीत.' तुम्हाला ते ऐकायचं आहे, वहिनी. मलाही ऐकायचं होतं, म्हणून मी गेले होते. त्यांनी मला तसं म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. नवरा गेलेल्या बाईला मी माझं समाधान करायला लावलं. ते पुन्हा एकदा मी होऊ देणार नाही.

मलाही इतक्यात तुम्हाला भेटायचं नाही. तुमच्यावर राग आहे आणि माझ्यावर त्याहून जास्त आहे. तुम्ही समोर आलात तर मी 'किती वाळलात' म्हणेन, गळ्यात पडेन आणि हे सगळं गिळून टाकीन. मला ते करायचं नाही.

तुम्हाला राग आला तर कळवा. आला नसेल तर आला असं लिहू नका.

धाकटी

२८ जुलै

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. राग आला. तीन दिवस होता. माझ्याच नणंदेने मला येऊ नको म्हणावं, हे मी शेजारणीलाही सांगितलं नाही. मग पुन्हा वाचलं तेव्हा काकूंनी तुझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली तिथे थांबले आणि पुढे वाचवेना.

तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. मी येत नाही.

'तू बोलावशील तेव्हाच येईन, आणि कधीच बोलावलं नाहीस तरी समजून घेईन,' असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला, कारण ते खोटं आहे. समजून घेणार नाही. मला वाईट वाटेल, रोज वाटेल, आणि मी वाट बघेन.

वहिनी